सगळं बंद, तरी लाल दिवा चालू

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं. ज्या तायांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहे. – क्षेत्र समन्वयक, कारंजा (घाडगे))



आज मी हप्ते, परतफेड, रजिस्टर यातलं काहीच बोलणार नाही. विजेच्या बिलावर बोलणार आहे. मध्यंतरी ज्या ज्या गटाच्या बैठकीला गेले, तिथे हप्ता का राहिला म्हणून विचारलं की एक उत्तर हमखास यायचं, "बिल भरलं ना वं या महिन्यात!" सुरुवातीला मला वाटायचं की बहाणा आहे. मग एकीनं पिशवीतून बिल काढून माझ्या हातात ठेवलं, आणि मी गप्प झाले.

आधीच सांगते, मी एमएसडब्ल्यू केलंय, इलेक्ट्रिकचं काम शिकलेली नाही. परवापरवापर्यंत फ्यूज गेला तर भावाला हाक मारायचे. आज जे सांगते आहे ते एका ताईच्या घरी तीन चकरा मारून, आणि आयटीआय केलेल्या एका वायरमनदादाच्या मागे लागून शिकलेलं आहे. चुका करत शिकले, त्या चुकाही सांगते.

त्या ताईचं आणि गावाचं नाव घेत नाही, पण गोष्ट आपल्याच तालुक्यातली. घरात सासू, मुलगा, सून, आठ वर्षांची नात. दारात एक गवळाऊ गाय आणि तिचं वासरू. सासूबाई आणि सूनबाई दोघीही गटात, आणि सून गटाची लेखिका. मागच्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या वापराचं बिल आलं, २१३ युनिट. सासूबाईंनी हप्त्याचे पैसे बिलात घातले आणि बैठकीत सगळ्यांसमोर सुनेचं नाव घेतलं. "दिवसभर मोबाईल लावून ठेवते चार्जिंगले, मंग बिल येईन नाही त का होईन?" सून काही बोलली नाही. बैठक संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, चार्जर आईनं कपाटात कुलपात ठेवला. मी आता शेजारी जाऊन फोन चार्ज करतो. गटाचा हिशेब फोनमध्ये आहे, बँकेचे मेसेज त्याच्यावर येतात, काय करू?"

हे ऐकून मला राग आला. पण रागानं काही होत नाही, हिशेब करावा लागतो. म्हणून आपण आधी युनिट म्हणजे काय ते बघू.

हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. बस, एवढंच. शंभर वॅटची वस्तू दहा तास चालली तरी एकच युनिट. प्रत्येक वस्तूवर कुठेतरी वॅट लिहिलेले असतात, मिक्सरच्या बुडाला, पंख्याच्या वाटीवर, चार्जरवर. आता मोबाईलचा चार्जर धरा दहा वॅटचा. रोज दोन तास लावला तर महिन्याला सहाशे वॅट-तास, म्हणजे एक युनिटसुद्धा पूर्ण होत नाही. सासूबाईंना मी हे कागदावर मांडून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मंग मीटरच पळून राह्यलं." सून सुटली आणि मीटरवर आळ आला. तेवढंही पुरे होतं, पण २१३ युनिट कुठे गेले ते काही कळलं नव्हतं.

आता बिल हातात घ्या. आपण फक्त खालचा मोठा आकडा आणि शेवटची तारीख बघतो. त्याच कागदावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग असतं. दोघांची वजाबाकी म्हणजे तुमचे युनिट. चालू रीडिंग मीटरवर जाऊन ताडून बघा. मीटरवर दिसणारा आकडा बिलातल्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर रीडिंगच चुकलं आहे, घर तपासायची गरज नाही. बिल किती दिवसांचं आहे तेही बघा. पस्तीस-चाळीस दिवसांचं बिल तीस दिवसांच्या बिलाशी लावून भांडू नका. आणि रीडिंग घेतलं की सरासरीनं बिल दिलं, हेही त्यावर कळतं. घराला कुलूप होतं, मीटर दिसलं नाही, असं झालं की सरासरी लागते, आणि मग पुढच्या महिन्यात खरा आकडा एकदम अंगावर येतो.

२०२० चं आठवतं ना? मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, रीडिंग घेणारे येणं बंद झालं. महावितरणनं आधीच्या थंडीच्या महिन्यांच्या सरासरीनं बिलं पाठवली. पण आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे कूलरचे महिने, आणि सगळं घर चोवीस तास घरातच. वापर झाला उन्हाळ्याचा, बिल आलं हिवाळ्याचं. जूनमध्ये रीडिंग सुरू झालं आणि तीन महिन्यांचा राहिलेला फरक एकाच बिलात आला. त्यात १ एप्रिलपासून दरही बदलले होते. साऱ्या महाराष्ट्रात ओरड झाली, लोक ऑफिसांसमोर रांगा लावून उभे राहिले. त्यातल्या बऱ्याच जणांच्या मीटरमध्ये काहीच बिघाड नव्हता. अशा एकत्र बिलात एक गोष्ट मात्र मागून घ्यायची, युनिट महिन्यांत वाटून दर लावला आहे का? कारण पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आहे आणि शंभरच्या पुढच्या युनिटांचा दर जवळपास दुपटीवर जातो. तीनशे युनिट एकाच महिन्यात धरले तर वरचे दोनशे महाग, तीन महिन्यांत वाटले तर सगळेच स्वस्तात. इथे एक गैरसमज काढून टाका. शंभराच्या पुढे एक युनिट गेलं म्हणून सगळेच युनिट महाग होत नाहीत, फक्त वरचेच महाग होतात.

आपल्या ताईच्या बिलात यातलं काहीच नव्हतं. रीडिंग बरोबर, दिवस बरोबर. पण बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो, आणि जुनं बिल सुनेनं फाईलला लावून ठेवलं होतं. आधीच्या वर्षीचा ऑगस्ट, ७८ युनिट. या वर्षीचा ऑगस्ट, २१३. म्हणजे १३५ युनिट जास्त. तेही कूलर जूनमध्येच झाकून ठेवलेला असताना. नवीन वस्तू घरात एकही आलेली नव्हती.

मी काय केलं? फ्रिजवर बोट ठेवलं. जुना फ्रिज, दाराचं रबर सैल झालेलं, दारात कागद धरून बंद केलं तर कागद सहज ओढून निघत होता. मला वाटलं, सापडलं! रबर धुवायला लावलं, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला लावला आणि ऐटीत घरी आले. पुढच्या आठवड्यात सुनेनं मीटरचा आकडा पाठवला. काहीही फरक नाही. रबर सैल होतं हे खरं, पण जे दिसलं ते कारण समजून मी मोकळी झाले होते. सासूबाईंनीही हेच केलं होतं, त्यांना फोन दिसला, मला फ्रिज दिसला.

मग वायरमनदादाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, अंदाज सोडा. मीटरलेच विचारा."

मीटरला विचारायचं म्हणजे काय, ते नीट ऐका. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. वीज वापरली जाते तसा तो लुकलुकतो, जास्त वापर असेल तर भरभर. किती वेळा लुकलुकला की एक युनिट, ते मीटरवरच छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर ३२०० असतं, तुमच्या मीटरवर वेगळं असेल तर तो आकडा धरा. दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा, साठनं गुणा, त्या आकड्यानं भागा. एका तासाचे युनिट निघाले. लेकरांना सांगा, ते झटकन करून देतात.

दुसऱ्या चकरेला आम्ही आधी मेन स्विच पाडला. लाल दिवा थांबला. हे महत्त्वाचं आहे. मेन बंद असतानाही तो लुकलुकत राहिला असता, तर मीटरमध्ये दोष, किंवा मीटर आणि मेनच्या मधूनच कुणीतरी वायर ओढलेली. अशा वेळी आपण हात लावायचा नाही, मीटरचं सील तोडायचं नाही, महावितरणला कळवायचं. १९१२ हा नंबर त्यासाठीच आहे.

मग मेन चालू केला, पण घरातली सगळी बटणं बंद. टीव्हीचा, फ्रिजचा, मिक्सरचा प्लगसुद्धा काढून ठेवला. देवघरातला झिरोचा बल्बही बंद. (झिरो म्हणजे शून्य वॅट नाही बरं का. जुना काचेचा झिरो बल्ब पंधरा वॅटच्या आसपास खातो. देवापुढे चोवीस तास ठेवला तर महिन्याला दहा-अकरा युनिट. एलईडीचा लावा, देवाला चालतो.) घरात एकही वस्तू चालू नाही. आणि आम्ही सगळ्या मीटरखाली माना वर करून उभ्या.

लाल दिवा लुकलुकला. सहा सेकंदांनी परत. परत सहा सेकंदांनी. मिनिटाला दहा वेळा.

नातीनं पाटीवर गणित केलं. दहा गुणिले साठ, सहाशे. भागिले ३२००. तासाला शून्य पूर्णांक एकोणीस युनिटाच्या आसपास, दिवसाला साडेचार, महिन्याला १३५. तायांनो, माझ्या अंगावर काटा आला. जेवढे युनिट जास्त आले होते, बरोब्बर तेवढेच घर बंद असताना जात होते. न फोन, न फ्रिज, न टीव्ही. जवळपास एकशे नव्वद वॅटचं काहीतरी रात्रंदिवस चालू होतं आणि ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. मीटरवर आणखी एक बारीक दिवा पेटलेला होता, त्याच्याखाली 'अर्थ' असं इंग्रजीत लिहिलं होतं. तो कधीपासून पेटला होता, कुणी बघितलंच नव्हतं.

तिसऱ्या चकरेला वायरमनदादा सोबत आला. त्यानं बोर्डावरचा एकेक फ्यूज काढला. स्वयंपाकघराचा काढला, दिवा लुकलुकतोच आहे. पुढच्या खोलीचा काढला, तरी लुकलुकतो. तिसरा काढला आणि दिवा थांबला. "ही लाईन कुठं गेली?" मुलगा म्हणाला, "गोठ्यात. एकच बल्ब आहे तिथं, तोही बंद."

बल्ब बंद होता हे खरं. पण बटण गोठ्यात होतं. म्हणजे घरापासून गोठ्यापर्यंतची वायर बटण बंद असलं तरी कायम जिवंत. मुलानंच दोन वर्षांपूर्वी ती टिनावरून नेली होती, मधला जोड पन्नी गुंडाळून बांधलेला. टिनाच्या पत्र्याची कड वाऱ्यानं वायरीवर घासत राहिली, वरचं आवरण गेलं, पावसाचं पाणी आलं. वीज टिनात, टिनातून लोखंडी अँगलमध्ये, अँगलमधून ओल्या जमिनीत. दिवस-रात्र. त्याचं बिल ताई भरत होती.

आणि आता जे सांगते त्यासाठीच हा विषय घेतला. त्याच अँगलला गाय बांधायचे. सासूबाई म्हणाल्या, महिनाभर गाय तिकडे जायलाच मागत नव्हती, पाय रोवून उभी राहायची, दूधही कमी केलं होतं. घरच्यांनी नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. सासूबाईंच्या हाताला धार काढताना मुंग्या यायच्या, त्यांना वाटलं वयाचं आहे, वात आहे. आणि वासरू रोज संध्याकाळी त्या अँगलला कोण बांधत होतं? नात. बहुतेक वेळा पायात चप्पल नाही.

मी विचारलं, "दादा, मग फ्यूज का नाही उडाला?" तो म्हणाला, फ्यूजला काय कळतं? दोन-तीन पंखे चालू असल्यासारखा करंट तो, पाऊण-एक अँपिअर. फ्यूज त्याच्या कितीतरी पुढे गेल्यावर वितळतो. माणसाला मात्र तेवढा नको. माणसाचा जीव वाचवायला जे यंत्र बसवतात, आरसीसीबी म्हणतात त्याला, ते घरासाठी तीस मिलिअँपिअरचं घेतात. म्हणजे तेवढी गळती झाली की लाईन पाडतं. या गोठ्यात त्याच्या पंचवीसपट वीज जमिनीत जात होती. त्या घरात आरसीसीबी नव्हता. इथे बसलेल्यांपैकी किती जणींच्या घरी आहे? मी हात वर करायला सांगितले तेव्हा दोनच हात वर आले, आणि त्यातला एक जरा शंकेनंच.

मेन बंद करून ती वायर कापून काढली. नवी वायर पाइपातून नेली, टिनाला कुठेही लागू दिली नाही, बटण घरात आणलं. आरसीसीबी बसवला, अर्थिंग नव्यानं केलं. गटानं अंतर्गत कर्ज दिलं त्यासाठी, आणि त्या महिन्याचा हप्ता पुढे ढकलला. आलेलं बिल मात्र भरावंच लागलं. मीटर बरोबर होतं, वीज त्यांच्याच वायरीतून गेली होती, तक्रार कुणाकडे करणार?

तुमच्याही घरी बिल वाढलं तर गळतीच असेल असं नाही. बहुतेक घरांत साधंच काहीतरी निघतं. पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड थंडीत रोज तासभर लागला की महिन्याला ४५ युनिट झाले. कूलर दोनशे वॅटचा, मे महिन्यात बारा तास चालतो, त्याचे ७२. आपल्याकडच्या उन्हात कूलर बंद ठेवा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण जुना पंखा पाऊणशे वॅट खातो आणि नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास, एवढं नवीन घेताना लक्षात ठेवा. बोअरची मोटर चालू करून बाया धुण्याला बसतात आणि टाकी वाहत राहते, हे तर मी डोळ्यांनी बघितलंय. हे सगळं घर बंद ठेवून बघितलं की बाहेर पडतं, दिवा थांबतो. मग एकेक वस्तू लावायची आणि प्रत्येक वेळी मिनिटभर मोजायचं.

मीटरच जोरात पळतं असं वाटत असेल तर तेही तपासता येतं. बाकी सगळं बंद करा, बादलीभर पाण्यात हजार वॅटचा रॉड लावा, तीन मिनिटं दिवा मोजा. ३२०० वाल्या मीटरवर साधारण १६० भरायला पाहिजेत. आपल्या गावातलं व्होल्टेज कमी असलं तर त्याहून कमी भरतील. पण दोनशेच्या वर गेले तर मीटर तपासून मागा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पाण्यात रॉड असताना बादलीला हात लावू नका, हे सांगायला नको. नवीन स्मार्ट मीटर बसलं असेल तरी लाल दिव्याची रीत हीच.

बिलावर वाद असेल तर वीज कायदा २००३ मधलं कलम ५६ लक्षात ठेवा. पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय लाईन तोडता येत नाही. आणि हरकत नोंदवून मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत लाईन तोडता येत नाही. "बिल चुकलं म्हणून मी भरतच नाही" असं करून बसू नका, त्यानं आपलीच बाजू पडते.

काही जणी म्हणतील, हे गड्यांचं काम आहे. आपल्याच जिल्ह्यात, देवळी तालुक्यातल्या कवठा झोपडी इथे गटाच्या बाया सोलर पॅनल तयार करतात. आपल्याला तर फक्त एक दिवा मोजायचा आहे. वायरीला हात लावायचं काम मात्र वायरमनचंच, त्यात हिंमत दाखवू नका. खांबाला, टिनाला, मोटरीला, नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा जनावर एखाद्या जागी जायला मागत नसेल, तर त्याच मिनिटाला मेन पाडा. वात आहे की काय ते नंतर बघू.

त्या ताईचं पुढचं पूर्ण महिन्याचं बिल ८२ युनिटांचं आलं. चार्जर कपाटातून बाहेर आला. सासूबाई सुनेला काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या बैठकीला फोन स्वतःच चार्ज करून तिच्या हातात दिला, हे मी पाहिलं. नात आता शेजाऱ्यांची मीटर मोजत फिरते.

पुढच्या सभेला येताना प्रत्येकीनं या महिन्याचं बिल आणि मागच्या वर्षीचं याच महिन्याचं बिल सोबत आणायचं. आदल्या दिवशी, संध्याकाळी दिवे लावायच्या आधी, सगळं बंद करून एक मिनिट मोजायचं आणि आकडा बिलाच्या मागे लिहून आणायचा. वायरमनदादा त्या दिवशी येणार आहे. ज्यांचा आकडा शून्य नाही, त्यांच्या घरी तो आधी जाईल.